शोधयंत्रातील क्रमांक आणि संकेतस्थळाची खरी कमाई

शोधयंत्राच्या यादीत आपले संकेतस्थळ कितव्या स्थानी दिसते, यापेक्षा तेथे आलेल्यांपैकी किती जण आपले काम पूर्ण करून परततात, हा प्रश्न संकेतस्थळाच्या मालकासाठी अधिक महत्त्वाचा असतो. अभ्यागताने वस्तू खरेदी करणे, अर्ज भरणे, तिकीट काढणे, वर्गणीदार होणे किंवा दूरध्वनी करून चौकशी करणे, या कृतीला या क्षेत्रात 'कन्व्हर्जन', म्हणजेच भेटीचे कृतीत रूपांतर, असे म्हटले जाते. शंभर भेटींमागे अशा किती कृती घडल्या, तो रूपांतराचा दर होय.

असे असले तरी लहान व्यापारी, हॉटेलचालक आणि शिक्षणसंस्था यांच्याकडे येणाऱ्या प्रस्तावांत आश्वासन दिले जाते ते बहुधा पहिल्या पानाचे आणि पहिल्या क्रमांकाचे. त्यासाठी दरमहा शुल्क आकारले जाते आणि महिनाअखेरीस क्रमांकांचा एक तक्ता सादर होतो. माल किती विकला गेला, हे त्या तक्त्यात सहसा नसते.

क्रमांकाचे आकर्षण

गूगलची स्थापना १९९८ मध्ये झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणारे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी विकसित केलेली 'पेजरँक' ही पद्धत तिच्या मुळाशी होती. एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणत्या पानांवरून दुवे दिले गेले आहेत, त्यावरून त्या पानाचे महत्त्व ठरवावे, हे तिचे तत्त्व. डिसेंबर २००० मध्ये गूगलने ब्राउझरसाठी टूलबार उपलब्ध करून दिला आणि कोणत्याही पानाचा पेजरँक ० ते १० या मापात सर्वांना दिसू लागला. लवकरच हा आकडा प्रतिष्ठेचा विषय बनला आणि दुव्यांची चक्क खरेदी-विक्री सुरू झाली. २०१६ मध्ये गूगलने तो जाहीरपणे दाखवणे बंद केले. क्रमांकाचा मोह मात्र ओसरला नाही.

हा मोह अगदीच निराधार नव्हता. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतील एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांच्या शोधांची नोंद संशोधनासाठी खुली केली. नावे वगळलेली असूनही शोधलेल्या शब्दांवरून व्यक्ती ओळखता येत असल्याने मोठा गहजब झाला आणि कंपनीला ती माघारी घ्यावी लागली. तोवर विपणन क्षेत्रातील मंडळींनी त्या नोंदीवरून आपला हिशेब मांडला होता. एकूण क्लिकपैकी सुमारे ४२ टक्के पहिल्याच दुव्यावर झाल्याचे त्यातून दिसले. हा आकडा पुढे अनेक वर्षे व्यावसायिक सादरीकरणांत वापरला गेला.

परंतु पहिला क्रमांक ही संकेतस्थळाच्या मालकाची मालमत्ता नव्हे. तो शोधयंत्राने दिलेला असतो आणि शोधयंत्र तो काढूनही घेते. नोव्हेंबर २००३ मध्ये, ऐन नाताळच्या खरेदीच्या तोंडावर, गूगलने आपल्या पद्धतीत केलेला बदल 'फ्लोरिडा' या नावाने ओळखला जातो. अनेक लहान विक्रेत्यांची पाने त्या वेळी रातोरात दिसेनाशी झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या वाहन कंपनीचे जर्मन संकेतस्थळ नियमभंगाच्या कारणावरून यादीतून वगळण्यात आले आणि काही दिवसांनी पुन्हा घेण्यात आले. फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकाने जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीच्या बाजूने पसरवलेल्या कृत्रिम दुव्यांचे जाळे उघड केले. त्यानंतर गूगलने कारवाई केली, तेव्हा प्रवासी बॅगेच्या एका शोधात पहिल्या स्थानी असलेले त्या दुकानाचे पान दोन तासांत ७१ व्या स्थानी गेले होते. त्याच महिन्यात 'पांडा' आणि एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' हे बदल लागू झाले.

२००६ चे ते ४२ टक्के आता फारसे कामाचेही राहिलेले नाहीत. जाहिराती, नकाशे आणि वस्तूंची छायाचित्रे यांनी निकालांच्या पानाचा वरचा भाग व्यापला. गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेले उत्तर थेट निकालांच्या माथ्यावर देण्यास सुरुवात केली. ज्याला नुसती माहिती हवी आहे, त्याची गरज अनेकदा तेथेच भागते. पहिला दुवा त्याच्या खाली राहतो.

भेटींचा हिशेब

देवगडहून हापूसच्या पेट्या घरपोच पाठवणाऱ्या एका बागायतदाराचे संकेतस्थळ डोळ्यांसमोर आणले, तर प्रश्न स्पष्ट होतो. समजा, हंगामात महिन्याला १०,००० भेटी होतात आणि १०० पेट्यांची मागणी नोंदवली जाते, म्हणजेच रूपांतराचा दर १ टक्का आहे. आणखी ५० पेट्या विकायच्या असतील, तर दोन मार्ग आहेत. भेटी १५,००० पर्यंत वाढवणे हा एक. आहेत त्याच भेटींमध्ये दर दीड टक्क्यावर नेणे हा दुसरा. पहिल्या मार्गात स्पर्धा साऱ्या जगाशी असते आणि निर्णय शोधयंत्राच्या हाती असतो. दुसऱ्या मार्गात काम स्वतःच्याच अंगणात असते. पाठवणी कोणत्या शहरांत होते, भाड्यासह एकूण किंमत किती, फळ खराब निघाल्यास काय, या तीन प्रश्नांची उत्तरे पानावर नसतील, तर इंदूर किंवा हैदराबादच्या ग्राहकाने पेटी मागवावीच का?

शिवाय, सर्व भेटी सारख्या नसतात. शोधयंत्रांवर संशोधन करणारे आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये शोधांची तीन गटांत विभागणी मांडली: ठरावीक संकेतस्थळ गाठण्यासाठी केलेले, माहिती मिळवण्यासाठी केलेले आणि एखादा व्यवहार पूर्ण करण्यासाठी केलेले. 'हापूस आंबा' एवढेच शोधणाऱ्यांत निबंध लिहिणारा विद्यार्थी असतो, आमरसाची कृती हवी असलेली गृहिणी असते आणि २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची माहिती हवी असलेला पत्रकारही असतो. 'देवगड हापूस पेटी इंदूर घरपोच' असे शोधणारे संख्येने थोडे. पण त्यांच्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या मनात खरेदी असते. पहिल्या शोधात अव्वल येण्यासाठी वर्षभर केलेला खर्च दुसऱ्या शोधातील काही डझन अभ्यागतांच्या तुलनेत वाया गेला, असे चित्र सर्रास दिसते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रूपांतराचा दर हा अपूर्णांक आहे आणि तो खालचा आकडा बदलला तरी बदलतो. याच बागायतदाराने आंब्याच्या कलमांविषयी चांगले लेख प्रसिद्ध केले आणि त्यामुळे वाचकांच्या भेटी दुप्पट झाल्या, तर पेट्यांची मागणी तेवढीच राहूनही दर अर्ध्यावर येईल. नुकसान काहीच झालेले नसेल. त्यामुळे दर पाहताना तो कोणत्या पानाचा, कोठून आलेल्या अभ्यागतांचा, हे वेगळे करून पाहावे लागते. सर्वांचा मिळून काढलेला एकच सरासरी दर फारसे काही सांगत नाही.

बटणावरील शब्दांचे मोल

एका पानात केलेल्या बदलाचा परिणाम किती मोठा असू शकतो, याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण राजकारणातील आहे. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी २००८ मध्ये झालेल्या निवडणुकीपूर्वी, डिसेंबर २००७ मध्ये, बराक ओबामा यांच्या प्रचार यंत्रणेने आपल्या संकेतस्थळाच्या प्रवेशपानावर प्रयोग केला. गूगलमधून प्रचारात दाखल झालेले डॅन सिरोकर या कामाचे प्रमुख होते. अभ्यागताने आपला ई-मेल पत्ता नोंदवावा, हा पानाचा हेतू. बटणावरील मजकुराचे चार पर्याय आणि वरच्या भागासाठी तीन छायाचित्रे व तीन चित्रफिती असे सहा पर्याय घेण्यात आले. त्यांच्या २४ जोड्या तयार झाल्या आणि ३,१०,३८२ अभ्यागतांना त्यांपैकी एकेक जोडी यदृच्छेने दाखवण्यात आली.

प्रचार कार्यालयातील मंडळींचा कौल ओबामा यांच्या भाषणाच्या एका चित्रफितीला होता. प्रत्यक्षात तिन्ही चित्रफिती सर्व छायाचित्रांच्या मागे पडल्या. ओबामा कुटुंबाचे साधे छायाचित्र आणि 'साइन अप' ऐवजी 'लर्न मोअर', म्हणजे अधिक जाणून घ्या, असे लिहिलेले बटण ही जोडी सरस ठरली. मूळ पानावर ८.२६ टक्के अभ्यागत पत्ता नोंदवत होते. नव्या पानावर हे प्रमाण ११.६ टक्क्यांवर पोहोचले. संपूर्ण प्रचारकाळाचा विचार करता या बदलामुळे सुमारे २८ लाख ८० हजार अधिक पत्ते आणि सुमारे ६ कोटी डॉलरच्या अधिक देणग्या मिळाल्या, असा सिरोकर यांचा अंदाज आहे. तो अंदाजच आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे. पण टक्केवारीतील फरक मोजलेला आहे. सिरोकर यांनी पुढे अशा चाचण्यांसाठीच ऑप्टिमायझली ही कंपनी स्थापन केली.

दुसरे उदाहरण व्यापारातील आहे. जॅरेड स्पूल या अमेरिकी तज्ज्ञाने २००९ मध्ये एका मोठ्या, पण नाव न सांगितलेल्या विक्रेत्याची हकीकत प्रसिद्ध केली. वस्तू निवडून झाल्यावर पैसे देण्यापूर्वी ग्राहकाला एक छोटे पान दिसत असे: ई-मेल, संकेतशब्द, 'लॉगिन' आणि 'रजिस्टर'. नव्या ग्राहकांना नोंदणीची सक्ती नकोशी वाटे. जुन्या ग्राहकांना आपला संकेतशब्द आठवत नसे. दररोज सुमारे १,६०,००० विनंत्या विसरलेल्या संकेतशब्दासाठी येत आणि त्यांतील ७५ टक्के ग्राहक पुढे खरेदी पूर्ण करत नसत. 'रजिस्टर' हे बटण काढून 'कंटिन्यू' हे बटण ठेवण्यात आले आणि खरेदीसाठी खाते उघडण्याची गरज नाही, असे एक वाक्य त्याच्याजवळ लिहिण्यात आले. खरेदी करणाऱ्यांची संख्या ४५ टक्क्यांनी वाढली आणि पहिल्याच वर्षी ३० कोटी डॉलरची अधिक विक्री झाली. दुकानात हाती माल घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आधी सभासद व्हा म्हणणारा वाणी कोणत्याच गावात टिकला नसता. महाजालावर मात्र ही प्रथा वर्षानुवर्षे चालली.

भारतातील अडथळे

भारतीय संकेतस्थळांचा अनुभव हेच निराळ्या प्रकारे सांगतो. भारतीय रेल्वेच्या आयआरसीटीसीने २००२ मध्ये महाजालावर तिकीट विक्री सुरू केली. या संकेतस्थळाला शोधयंत्रातील क्रमांकाची चिंता कधीच नव्हती. सारा देश त्याचा पत्ता जाणून होता. प्रश्न होता तो सकाळच्या गर्दीत आरक्षण पूर्ण होण्याचा. पैसे कापले गेले आणि तिकीट मिळाले नाही, ही तक्रार घरोघरी परिचित होती. ऑगस्ट २०१४ मध्ये नवी प्रणाली सुरू झाली, तेव्हा मिनिटाला २,००० ऐवजी ७,२०० तिकिटांची क्षमता उपलब्ध झाली. भेटी तेवढ्याच असताना पूर्ण होणारी कामे वाढवण्याचे याहून मोठे उदाहरण देशात शोधूनही सापडणे कठीण आहे.

खासगी व्यापारात पैसे देण्याची पायरी हाच मोठा अडसर होता. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑगस्ट २००९ पासून महाजालावरील कार्ड व्यवहारांसाठी पडताळणीची अतिरिक्त पायरी सक्तीची झाली. फसवणूक रोखण्यासाठी ती आवश्यक होती. मात्र बँकेच्या पानावर जाऊन परत येण्याच्या खटाटोपात, त्या काळच्या मंद जोडणीवर, व्यवहार मध्येच तुटण्याचे एक ठिकाण वाढले. बेंगळुरू येथे २००७ मध्ये सुरू झालेल्या फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हाती पडल्यावर रोख पैसे देण्याची सोय केली. कार्ड नसलेला आणि कार्ड असूनही अनोळखी दुकानावर विश्वास नसलेला, असे दोन्ही ग्राहक या एका सोयीमुळे खरेदी करू लागले. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयचा प्रारंभ झाल्यानंतर ही पायरी आणखी सोपी झाली.

रोखीच्या सोयीची दुसरी बाजूही विक्रेत्यांना लवकरच समजली. मागणी नोंदवणे सोपे झाले, तसे दारात आलेला माल नाकारणेही सोपे झाले. संगणकावर रूपांतर दिसत होते आणि गोदामात परत आलेले खोके. कृती कोणती मोजायची, मागणी की हाती आलेले पैसे, हे आधी ठरवले नाही, तर चढता आलेख तोट्याचाही असू शकतो.

अर्जाच्या रकान्यांबाबत भारतीय संकेतस्थळे आजही पुरेशी विचार करताना दिसत नाहीत. आडनावाचा रकाना सक्तीचा ठेवला की, आडनाव न लावणारे दक्षिणेतील लक्षावधी नागरिक तेथेच अडतात. पत्त्याच्या अर्जात शहर, जिल्हा, राज्य हे सर्व स्वतंत्रपणे भरायला लावले जाते. वास्तविक देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिन कोड आहे. संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेल्या या पद्धतीत विभागापासून टपाल कार्यालयापर्यंतची माहिती त्या सहा अंकांतच सामावलेली आहे. तो क्रमांक आधी विचारला, तर बाकीचे रकाने संगणकाला भरता येतात. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर टंकलेखन करणाऱ्या ग्राहकाची तेवढी दमछाक वाचते. डेन्मार्कमधील बेमार्ड ही संशोधन संस्था अनेक अभ्यासांची सरासरी काढून सांगते की, कार्टमध्ये वस्तू ठेवणाऱ्या दर १० पैकी सुमारे ७ वेळा खरेदी पूर्ण होत नाही. त्यांतील पुष्कळ जण नुसते पाहायला आलेले असतात, हे खरे. पण लांबलचक अर्ज आणि शेवटी वाढणारी किंमत ही कारणे त्या संस्थेच्या पाहण्यांत वारंवार पुढे आली आहेत.

चाचणीची शिस्त

दोन आवृत्त्या शेजारी ठेवून निकाल मोजण्याची कल्पना महाजालाबरोबर जन्मलेली नाही. अमेरिकी जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स यांचे 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग' हे पुस्तक १९२३ चे आहे. कोणत्या जाहिरातीतून किती कूपने परत आली, हे मोजण्याचा त्यात आग्रह आहे. यदृच्छ प्रयोगाचे शास्त्र ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी शेतीतील प्रयोगांतून उभे केले आणि १९३५ मध्ये ग्रंथरूपाने मांडले.

हे शास्त्र बाजूला ठेवून घाईने काढलेले निष्कर्ष सर्वत्र आढळतात. दर २ टक्क्यांवरून २.५ टक्के झाला आहे, असे प्रचलित सांख्यिकी निकषांनुसार खात्रीने म्हणायचे, तर प्रत्येक आवृत्ती सुमारे १४,००० अभ्यागतांना दाखवावी लागते, म्हणजे दोन्ही मिळून २८,०००. दिवसाला १०० भेटी असलेल्या दुकानाला त्यासाठी नऊ महिन्यांहून अधिक काळ लागेल. तिसऱ्या दिवशी एक आवृत्ती पुढे दिसली म्हणून चाचणी थांबवणे, हे नाणे तीनदा उडवून त्याचा स्वभाव ठरवण्यासारखे आहे. अशा लहान दुकानाने बटणाच्या रंगाची चाचणी घेण्याऐवजी दहा ग्राहकांना पानासमोर बसवून ते कोठे अडतात हे पाहावे. त्यातून अधिक कळते. ज्या संकेतस्थळाला दिवसाला वीसच भेटी आहेत, त्याला आधी भेटी मिळवणेच भाग आहे, आणि तेथे शोधयंत्रासाठी केलेले कामही उपयोगी पडते.

मोठ्या कंपन्यांकडे मात्र अभ्यागतांची वाण नसते. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रात जाहिरातींचे मथळे दाखवण्याच्या पद्धतीत एका कर्मचाऱ्याने सुचवलेला बदल कित्येक महिने बाजूला पडून होता. २०१२ मध्ये त्याची चाचणी झाली, तेव्हा उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. एकट्या अमेरिकेत ही वाढ वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिक होती.

आकड्याचा अतिरेक

रूपांतराचा दर हेच एकमेव ध्येय ठरले, तर ग्राहकाला मदत करण्यापेक्षा त्याला फसवणे सोपे असते. 'एकच नग शिल्लक' अशी खोटी सूचना, न मागता कार्टमध्ये टाकलेला विमा, नकार देणाऱ्याला लाजवणारा मजकूर, सहज सुरू होणारी पण बंद करता न येणारी वर्गणी, या सर्वांमुळे दर खरोखरच वाढतो. ब्रिटनमधील हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा क्लृप्त्यांना 'डार्क पॅटर्न' हे नाव दिले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार नमूद असून खोटी निकड, गुपचूप वाढवलेले बिल, वर्गणीचा सापळा आणि टप्प्याटप्प्याने उघड होणारी किंमत यांचा समावेश आहे. ई-व्यापार मंचांनी तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करावी, अशी सूचना प्राधिकरणाने जून २०२५ मध्ये केली. अशा मार्गाने झालेली विक्री पुढे परतावा, तक्रार किंवा कायमचा दुरावलेला ग्राहक या रूपाने वसूल होते. फक्त ती नोंद दुसऱ्या खात्यात पडते, त्यामुळे विपणन विभागाच्या अहवालात ती दिसत नाही.

नोंद न होणारे ग्राहक

लहान व्यावसायिकाला मोजमापाची साधने विनामूल्य मिळू लागली ती नोव्हेंबर २००५ पासून. अर्चिन ही कंपनी विकत घेऊन गूगलने त्या महिन्यात गूगल ॲनालिटिक्स खुले केले. या सेवेची जुनी आवृत्ती जुलै २०२३ मध्ये बंद झाली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या आवृत्तीतील 'कन्व्हर्जन' या शब्दाऐवजी 'की इव्हेंट', म्हणजे महत्त्वाची घटना, हा शब्द योजण्यात आला. जुना शब्द आता तेथे जाहिरातींच्या हिशेबापुरता उरला आहे.

या साधनांना भारतीय बाजारातील एक मोठा भाग दिसतच नाही. पैठणीचे दुकान असो, कोचिंग क्लास असो की कोकणातील घरगुती निवासव्यवस्था, ग्राहक संकेतस्थळ पाहतो आणि दूरध्वनी करतो किंवा व्हॉट्सॲपवर संदेश पाठवतो. व्यवहार तेथे ठरतो. ॲनालिटिक्सच्या तक्त्यात मात्र त्या भेटीपुढे शून्य लागते आणि ते पाहून मालक पुन्हा क्रमांकाच्या मागे लागतो. पानावरील दूरध्वनी क्रमांकावर टिचकी मारणे ही स्वतंत्र घटना म्हणून नोंदवता येते. संकेतस्थळासाठी दुकानाच्या पाटीवरील क्रमांकापेक्षा वेगळा क्रमांक ठेवता येतो. हे दोन्ही जमत नसेल, तर गल्ल्याजवळ एक वही ठेवून प्रत्येक नव्या ग्राहकाला आमच्याविषयी कोठे कळले, एवढे विचारून लिहून ठेवणे कोणत्याही दुकानदाराला शक्य आहे.